तरवडाचा काढा आणि उंदरांची पंगत

तमाम नागरिकांस, विशेषतः ज्यांना यकृत आहे अशा सर्वांस, या जाहीर निवेदनाद्वारे कळविण्यात येते की, बीड जिल्ह्यात एका दुष्काळी उन्हाळ्यात तीस पांढऱ्या उंदरांच्या प्रकृतीचा अत्यंत गंभीर प्रश्न निर्माण झाला होता. प्रश्न असा, की त्यांतले जे उंदीर आजारी पडायला हवे होते ते आजारी पडेनात. या घटनेची दखल कुठल्याही वर्तमानपत्राने घेतली नाही, म्हणून ती मी घेते आहे. माझा हेतू शुद्ध आहे असं मात्र कुणी समजू नये. मला तेव्हा एका माणसावर सूड उगवायचा होता, आणि इतकी वर्षं झाली तरी त्या दिवसांची आठवण आली की दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असतानासुद्धा मला हसू फुटतं.

दुकान औषधांचं आहे. माझ्या नावापुढे आणखी एक पदवी लागायला हवी होती, ती लागली नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कुणाला माझी दया यायला नको.

माझे आई-वडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. उसाची मोळी डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून चढून ट्रकमध्ये टाकायची, हे काम दिवसभर केलं की माणसाचं अंग स्वतःचं राहत नाही. म्हणून फडातल्या बाया दुखण्याच्या गोळ्या खायच्या. पदराच्या गाठीला गोळ्या बांधलेल्या असायच्या. एकीने काढली की शेजारणीपुढे हात करायची, जशी तंबाखू पुढे करतात तशी. माझी आई दिवसाला किती खायची ते तिलाही माहीत नव्हतं. एका हंगामात तिच्या डोळ्यांतला पांढरा भाग हळदीसारखा झाला. तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला पहिला प्रश्न विचारला, दारू पिता का? आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी आपण होऊन दुसरा प्रश्न विचारला, गोळ्या किती खाता? तेव्हा कुठे निदान झालं. यकृत गोळ्यांनी शेकून निघालं होतं.

आई वाचली. मी तेव्हा औषधनिर्माणशास्त्र शिकत होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. जे औषध दोन गोळ्यांत ताप उतरवतं तेच मूठभर खाल्लं की यकृतात विष तयार होतं. यकृताजवळ त्या विषाला मारायचा थोडा साठा असतो, तो संपला की पेशी मरायला लागतात. मग त्या पेशींना बाहेरून कुणाची कुमक मिळेल का? पुस्तकं सांगत होती की मिळू शकते. झाडं स्वतःच्या बचावासाठी, उन्हाविरुद्ध, किडीविरुद्ध, काही द्रव्यं तयार करतात. त्यांना फ्लेवोनॉइड म्हणतात. कितीतरी फुलांचा पिवळा रंग त्यांचाच असतो. हीच द्रव्यं माणसाच्या यकृतालाही सांभाळत असतील, असा कयास होता.

पिवळं फूल म्हटल्यावर आमच्या भागात दूर जावं लागत नाही. मांजरसुंब्याच्या डोंगराला सगळा तरवडच तरवड. त्याला पाणी लागत नाही आणि शेळीही तोंड लावत नाही. दुष्काळात बाकी सगळं वाळतं तेव्हा हे झुडूप एकटं हिरवंगार उभं असतं, दुसऱ्याच्या दुःखाशी काही देणंघेणं नसल्यासारखं. माझं आणि त्याचं पहिल्यापासून जमलं.

कारखान्याच्या शिक्षण संस्थेच्या कॉलेजात मला पुढच्या पदवीला प्रवेश मिळाला आणि विषयही मंजूर झाला: गोळ्यांमुळे होणारी यकृताची हानी आणि तरवडाच्या फुलांतले फ्लेवोनॉइड. फुलं आईने आणि मी मिळून गोळा केली, घरात सावलीला वाळवली. अर्क काढून त्यात मॅग्नेशियमचा तुकडा आणि आम्लाचे थेंब टाकले तेव्हा परीक्षानळीतला रंग गुलाबी होत होत लाल झाला. फ्लेवोनॉइड आहेत याची ती खूण. मी ती नळी आईला दाखवायला घरी नेली. आई म्हणाली, कुंकवासारखं झालंय. त्यानंतर ते काम माझं एकटीचं राहिलं नाही.

आता उंदीर. तीस उंदरांचे पाच गट, प्रत्येक पिंजऱ्यात सहा. पहिल्या गटाला काहीच द्यायचं नाही. दुसऱ्याला फक्त गोळ्यांचा जबर डोस, म्हणजे त्याचं यकृत बिघडलंच पाहिजे. तिसऱ्याला गोळ्या आणि वर यकृताचं एक परदेशी तयार औषध. चौथ्याला गोळ्या आणि तरवडाचा थोडा अर्क, पाचव्याला गोळ्या आणि जास्त अर्क. मग सगळ्यांचं रक्त तपासायचं. यकृताचे काप घ्यायचं यंत्र कॉलेजात नव्हतं, त्यामुळे रक्तावरच भागवायचं ठरलं होतं. कोणता उंदीर कोण हे कळावं म्हणून त्यांना अंगावर पिवळा रंग चढवणाऱ्या पिक्रिक आम्लाचे ठिपके लावायचे. एकाच्या डोक्यावर, दुसऱ्याच्या पाठीवर, तिसऱ्याच्या शेपटीवर. सगळी मदार दुसऱ्या गटावर. तो आजारी पडला तरच बाकीचे बरे आहेत याला अर्थ.

उंदरांची देखभाल करायला एक शिपाई होते. त्यांना सगळं कॉलेज मामा म्हणायचं. माळकरी माणूस. आयुष्यभर गुरं राखलेली, मग आधीच्या एका दुष्काळात गुरं चारा छावणीत गेली आणि मामा उंदरांकडे आले. कूलर नव्हता, तर गोणपाट भिजवून खिडकीला लावायचे आणि त्यासाठी स्वतःच्या पिण्याच्या पाण्यातून तांब्या काढायचे.

पहिल्यांदा रक्ताचे अहवाल आले तेव्हा मी ते उलटे धरून पाहिले. दुसरा गट ठणठणीत होता. म्हणजे अगदी पहिल्या गटाइतका नाही, पण त्याचं यकृत बिघडलं आहे असं कुणीही शपथेवर सांगितलं नसतं. मला वाटलं माझा डोस चुकला. परत हिशेब केला, परत डोस दिला. पुन्हा तेच. मी जेवण सोडलं. आई म्हणायची, उंदीर चांगले हायती तर तू कावून रडतीस?

एका दुपारी मी चष्मा विसरले म्हणून प्रयोगशाळेत परत गेले. मामा पिंजऱ्यांपुढे बसले होते. माझ्या सकाळच्या उरलेल्या अर्काचं, मामांच्या भाषेत काढ्याचं, चंचुपात्र त्यांच्या हातात होतं आणि ते तो काढा पहिल्या आणि दुसऱ्या पिंजऱ्याच्या पाण्याच्या बाटल्यांत ओतत होते. सावकाश, एकालाही कमी-जास्त होऊ नये असे थांबून थांबून.

मी दारातच खाली बसले. मामा माझ्याकडे पाहून दचकले नाहीत, उलट खूश झाले. त्यांना वाटलं मी शाबासकी देणार.

"ताई, तुमी शिकलेल्या," ते म्हणाले, "पर मला सांगा, एका पंगतीला पाच जण बसले, तिघाला वाढायचं अन् दोघांनी नुसतं बघत बसायचं, हे कुठं बसतं? अन् उरलेलं वतू कुठं? टँकर आठ दिसाला येतो. पाणी वतून द्यायचं म्हंजी पाप हाय."

पंगतीत भेद करणं हे आमच्याकडे किती मोठं पाप आहे ते बाहेरच्या माणसाला समजणार नाही. चुलत्याशी बोलणं बंद असलं तरी पंगतीत त्याच्या पत्रावळीत बुंदी कमी पडता कामा नये. मामांनी पाच पिंजरे एका फळीवर ओळीने मांडलेले पाहिले आणि त्यांच्या दृष्टीने ती पंगत झाली. त्यात दुष्काळ. मी दोन वर्षं शास्त्र शिकवत होते त्यांना, स्वच्छता, वेळा, नोंदी. पण एका गटाला मुद्दाम औषधाविना ठेवायचं, कारण त्याच्याकडे बघूनच बाकीच्यांचं कळतं, एवढं एक वाक्य मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. मला ते इतकं उघड वाटलं होतं.

दोन वर्षं पाण्यात गेली होती, अक्षरशः बाटलीभर पाण्यात. मी ठरवलं, सरांना जाऊन खरं सांगायचं, सगळं पुन्हा करायचं, आणखी एक वर्ष गेलं तरी चालेल.

सर म्हणजे माझे मार्गदर्शक. मी त्यांच्या खोलीत शिरले तेव्हा तिथे कारखान्याच्या चेअरमनसाहेबांचे जावई बसले होते. ते माझ्याच वर्गात होते, पण प्रयोगशाळेचं दार कुठल्या बाजूला उघडतं हे त्यांना माहीत नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत सरांनी मला बसायला सांगितलं. एरवी ते सांगत नसत, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. यंदा पाऊस नाही म्हणून ऊस नाही, ऊस नाही म्हणून कारखान्याचं धुराडं बंद. सभासद नाराज आहेत. अशा वेळी सहकारी तत्त्वावर एक यकृताचं टॉनिक काढावं, असा साहेबांचा विचार आहे. (दारू गाळायची आसवनी त्यांची आधीपासून होती. यकृताची दोन्ही टोकं एकाच संस्थेने सांभाळायची, असा तो दूरदर्शी बेत.) टॉनिकच्या संस्थेचे संचालक जावईबापू होणार. तेव्हा हे तरवडाचं संशोधन त्यांच्या नावावर असणं संस्थेच्या दृष्टीने योग्य.

"तू हुशार आहेस," सर म्हणाले. "तुला विषयांचा काय तोटा? तुळशीवर कर काहीतरी. तुळस कुणालाही चालते."

आईने वेचलेली फुलं, ती लाल नळी, दोन वर्षांच्या चौदा वह्या. जावईबापू माझ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, काही अडलं तर तुम्हाला विचारीनच मॅडम.

आणि त्या क्षणी मला मामा आठवले.

मी जे सांगायला आले होते ते गिळलं. गिळताना इतकं गोड लागलं की काय सांगू. मी मान खाली घातली आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, जशी सरांची इच्छा. चोराला घरातला एकच डबा न्यायचा होता आणि नेमकं त्याच डब्यात विंचू होता. मी फक्त झाकण नीट लावून द्यायचं होतं.

पुढचे दोन महिने माझ्याइतकी आज्ञाधारक विद्यार्थिनी त्या कॉलेजने पाहिली नसेल. सगळ्या वह्या मी तांबड्या दोऱ्याने बांधून जावईबापूंच्या स्वाधीन केल्या. त्यांना फ्लेवोनॉइड हा शब्द उच्चारता येईना, तर रोज पंधरा मिनिटं घोकून घेतला. त्यांचे तक्ते मी काढून दिले, फुलाचं चित्रसुद्धा रंगवलं. मैत्रिणी म्हणायच्या, तुझ्यात काही स्वाभिमान आहे की नाही? मी म्हणायचे, मोठ्या माणसांशी भांडून काय मिळतं. आणि घरी आल्यावर आईने भाकरी थापताना मी तिला आजचा अंक करून दाखवायचे, सरांचा आवाज, जावईबापूंचा आवाज. आई हसायची. मग एकदा तिने विचारलं, मंग ते औषध लोकं पिणार का? मी म्हटलं, नाही गं, त्याच्या आधीच सगळं फुटेल. कसं फुटेल ते मात्र मला माहीत नव्हतं. मी एवढंच धरून चालले होते, की वह्या उघडल्या की दुसऱ्या गटाचे आकडे बघून दोघांचे चेहरे उतरतील, टॉनिकचा बेत मोडेल आणि मी दारात उभी राहून अत्यंत सहानुभूतीने विचारीन, काय झालं सर?

ते झालं नाही. टायपिंगच्या दुकानात जावईबापूंच्या प्रबंधाची पानं वाळत घातल्यासारखी पसरली होती, ती मी वाचली. वह्या त्यांनी उघडल्या होत्या. दुसरा गट त्यांनाही ठणठणीत दिसला होता. आणि त्यांनी तो लेखणीने आजारी पाडला होता. आकडे बदलले होते, इतकंच नाही, परिणाम ठसठशीत वाटावा म्हणून त्या गटातले दोन उंदीर मारून टाकले होते. कागदावर. मामांच्या राखणीतले.

खरं सांगते, मला आनंद झाला. आधी मी केवळ गप्प बसले होते, आता त्यांनी स्वतःच्या हाताने खड्डा खणला होता. मी दुकानदाराकडून त्या पानांच्या प्रती मागून घेतल्या आणि माझ्याजवळ राहिलेल्या रक्ताच्या खऱ्या अहवालांसह घरी गादीखाली ठेवल्या. संशोधन आणि टॉनिक लोकांपुढे मांडायच्या समारंभाची तारीख ठरली होती. बाहेरगावचे एक वयस्कर तज्ज्ञ येणार होते. त्यांनी एखादा प्रश्न विचारला की मी उठणार, प्रती दाखवणार, आणि सभा जिंकणार. मी आरशासमोर तालीमही केली. माझ्या भाषणात मामा नव्हते, आणि मला हे दोन महिने माहीत होतं हेही नव्हतं.

समारंभ कारखान्याच्या सभागृहात झाला. चार गावांचे सभासद, पाण्याचा टँकर खास मागवलेला, मंचावर टॉनिकच्या रिकाम्या बाटल्यांचा मनोरा आणि त्यांवर तरवडाच्या फुलाचं लेबल. (ती लेबलं नंतर कारखान्याच्या कँटीनमध्ये भज्यांखाली बरीच वर्षं दिसत असत.) मी निळी नवी साडी नेसून दुसऱ्या रांगेत बसले, पर्समध्ये प्रती. शेजारी आई. ती तिचं फूल बघायला आली होती.

जावईबापू छान बोलले. फ्लेवोनॉइड एकदाही अडखळला नाही, माझीच शिकवणी. मग चेअरमनसाहेब उठले आणि म्हणाले की पुढच्या हंगामात ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक बाईला ही बाटली कारखान्यातर्फे भेट. आता गोळ्या घ्यायला भ्यायचं कारण नाही, वरून दोन चमचे हे घेतलं की झालं.

सभागृहात टाळ्या पडल्या. सगळं फुटणार या माझ्या शब्दावर विसंबून माझी आईही टाळ्या वाजवत होती. तिने माझ्याकडे वळून पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांच्या कडेला त्या हंगामाचा पिवळेपणा अजून थोडा होता. तो कधीच पूर्ण गेला नाही. मी पर्सची चेन उघडली. आता उठायचं होतं. पण तज्ज्ञांनी प्रश्न विचारला नव्हता, आणि तालीम प्रश्नावर बेतलेली होती. खरं तर कारण ते नव्हतं. उठले असते तर कुणीतरी पहिलं हेच विचारलं असतं, की तुम्हाला हे केव्हा कळलं? मी चेन बंद केली. थोडं थांबू, म्हटलं. त्यांना आणखी वर चढू दे, मग पडताना आवाज मोठा येईल.

मग सत्कार सुरू झाले. आमच्याकडे सत्काराशिवाय कार्यक्रम संपत नाही, आणि दुष्काळात तर सत्कार दुप्पट होतात. शेवटी निवेदकाने मामांचं नाव पुकारलं. मुक्या जिवांची सेवा करणारे. मामा धुतलेल्या सदऱ्यात मंचावर आले, साहेबांनी त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. तज्ज्ञ उठून त्यांच्याजवळ गेले. भला माणूस, कौतुकानेच म्हणाले, तुमच्या देखरेखीतसुद्धा त्या गटातले दोन उंदीर दगावले, म्हणजे त्या गोळ्यांचं विष किती जबर असेल. मामांनी टॉवेल सावरला. ते सरांकडे पाहत राहिले, मग जावईबापूंकडे. गुराख्याला कुणी तुझी दोन जनावरं मेली असं चार गावांसमोर सांगावं, तसा त्यांचा चेहरा झाला. निवेदक माईक घेऊन पुढे सरकला, बहुधा दोन शब्द आभाराचे बोला म्हणून. मामांनी नारळ खाली ठेवला, माईक हातात घेतला आणि म्हणाले, "दोन कुठले मेले, सायेब? माझ्याकडला एकबी मेला न्हाई. सगळ्याला मी सारखाच काढा पाजलाय, अन् ताईंनी तवाच डोळ्यानं बघितलंय, इचारा की त्यांना, त्या काय तितं निळ्या साडीत बसल्यात."